कांदा फुलावर होता

विजयमालाबाईंची भाजी महिन्यातून चारदा तरी करपायची आणि त्याचं खापर त्या ऋतूवर फोडायच्या. माघातलं ऊन ओसरीवर उतरलं की ते बघत बसावंच लागतं, त्याला त्या काय करणार? शिरपूरच्या शिवेला लागून त्यांचा दीड एकराचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कुंपणावर वाल. नवरा, रंगराव, दिवस उजाडताना भाजीचे भारे बांधून बाजाराला निघायचे, आणि बाई बांधावर बसून वहीत लिहायच्या. आज पळसाला पहिली कळी दिसली. आज विहिरीचं पाणी कोमट लागलं. या नोंदींचंच पुढं सदर झालं. वाशीमच्या एका साप्ताहिकात बावीस वर्षं दर पंधरवड्याला ते छापून येत होतं, आणि जिल्ह्यात लोक त्यांना 'ऋतूवाल्या बाई' म्हणून ओळखत. वाचत किती जण होते, ते विचारू नये.

रंगराव तर मुळीच वाचत नसत. पण बाईंच्या लेखनाचा खरा उपयोग करणारा माणूस तोच. बाई एक लेख लिहायला पंधरा कागद खराब करायच्या, आणि रंगराव ते कागद उचलून त्यांच्या पुड्या बांधायचे. घरचं बियाणं धरायची त्यांना मोठी हौस. दोडका, गिलकं, भोपळा, चवळी, ज्याचं त्याचं बी सुकवून, निवडून, कागदात घडी घालून पत्र्याच्या डब्यात. पुडीच्या कोपऱ्यावर पेनानं नाव. बाईंचा अर्धा श्रावण अशा रीतीनं भोपळ्याच्या बियांभोवती गुंडाळलेला होता. आल्यागेल्याला चहाबरोबर एखादी पुडी मिळायची, आणि पाहुणे ती लेखापेक्षा जास्त प्रेमानं घरी न्यायचे.

गेल्या दिवाळीपासून बाईंनी गावच्या वाचनालयात बायकांसाठी लेखनाचा वर्ग सुरू केला होता. शनिवारी दुपारी, दोन ते चार. बाहेर देवळाकडं जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्यांचे हॉर्न, आत सतरंजीवर अकरा बायका. घरात 'आवं, चहा ठुला' असं बोलणाऱ्या विजयमालाबाई वर्गात शिरल्या की त्यांची जीभच बदलायची. "मनातील भाव सुंदर शब्दांत मांडावेत," असं त्या सांगायच्या. बायका मन लावून ऐकायच्या. महिन्याभरात अकरापैकी दहा जणींच्या वहीत 'सोनेरी किरणे' उगवली. सकाळी चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरतात, हे एकीनंही लिहिलं नाही, आणि बाई फार खूश होत्या.

अकरावी होती प्रयागबाई. चौथी शिकलेली, पन्नाशीची, दाराजवळ बसणारी. बबनरावांच्या शेतात कांद्याचं बी घेतात, तिथं ती वर्षानुवर्षं कामाला. तीन महिने तिनं वहीत काहीच लिहिलं नाही. नुसती ऐकायची. तिच्या हातांना कांद्याचा आणि मधाचा असा मिसळलेला वास यायचा, आणि तो वास आला की विजयमालाबाईंना उगीच गुंगी यायची.

त्यात एक आनंदाची गोष्ट घडली होती. वर्गातल्या बायकांचं एक छोटं पुस्तक काढायचं ठरलं होतं. वाशीमचा हरीओम नावाचा छपाईवाला ते होळीच्या आत छापून देणार होता. बाईंनी प्रत्येकीकडून एकेक लेख मागितला. माघाच्या सुरुवातीला प्रयागबाईनंही जुन्या वहीतलं एक पान फाडून आणलं आणि चार घड्या घालून बाईंच्या हातात ठेवलं.

"लिहिलं बाई एकडाव," एवढंच ती म्हणाली.

बाईंनी घरी येऊन ते पान वाचलं. खरं सांगायचं तर वाचलं नाही, त्यावरून नजर फिरवली. बिचारीनं प्रयत्न केलाय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना तिची दया आली. मग दुसऱ्या दिवशी दुपारी, वालाच्या वेलाखाली बसून, त्यांनी ते पान सुधारलं. हवा अशी होती, की माणसाला आपण फार चांगले आहोत असं वाटावं. शब्द आपोआप सुचत गेले. 'शुभ्र पुष्पांच्या सागरात माझी चिमुकली परी हरवली. वाऱ्याच्या प्रत्येक लहरीवर तिच्या निरागस हास्याचे तरंग उमटत होते.' लिहून झाल्यावर बाईंनी डोळे पुसले. फोनवर टाइप करून मजकूर हरीओमला पाठवला आणि मूळ पान खराब कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवून दिलं. त्या दिवशीही भाजी करपली.

दोन आठवड्यांनी शनिवारी वर्गात बाईंनी सगळ्यांचे लेख वाचून दाखवले. प्रयागबाईचा त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. आवाज जड करून, थांबत थांबत वाचला. संपल्यावर दोघीतिघींनी डोळे टिपले. अंगणवाडीत काम करणाऱ्या उज्ज्वलानं तर पदर डोळ्याला लावला.

"लय चांगलं हाय," प्रयागबाई दारातून म्हणाली. "कोनाचं व्हय हे?"

बायका हसल्या. त्यांना वाटलं, प्रयागबाई थट्टा करतेय. विजयमालाबाईही हसल्या. "तुमचंच आहे प्रयागबाई! थोडं नीटनेटकं केलं, इतकंच."

प्रयागबाई हसली नाही. ती खाली बघत राहिली, जणू चूक तिचीच होती. "माह्यात समुद्र नव्हता," ती हळूच म्हणाली. मग चप्पल घालून निघून गेली. चार वाजायला अजून अवकाश होता.

त्या दिवशी विजयमालाबाईंना जेवण गेलं नाही. समुद्र त्यांनीही कधी पाहिला नव्हता. वाशीमच्या तलावापेक्षा जास्त पाणी त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं, आणि बावीस वर्षांत सागर मात्र चाळीसेक वेळा लिहिला असेल.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास त्या बबनरावांच्या शेताकडं गेल्या. दव नुकतंच वाळलं होतं. कांद्याच्या दांड्या छातीला लागतील एवढ्या वाढलेल्या, आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोल गेंद. एकरभर नुसते पांढरे गेंद. पूर्वी यांच्यावर मधमाश्यांचा असा कल्ला असायचा, की बोललेलं ऐकू येत नसे. फवारण्या वाढल्या, माश्या आटल्या, आणि माश्यांचं काम बायकांवर आलं. ओळीतून चालायचं आणि दोन्ही तळहात गेंदांवरून हलके फिरवत जायचं, या फुलाची भुकटी त्या फुलाला लागावी म्हणून. जोर लावला तर फूल मोडतं, लावलाच नाही तर बी धरत नाही. पाच-सहा बायका ओळींतून चालत होत्या, कुणी बोलत नव्हतं, आणि दुरून बघताना त्या फुलांना झोपवताहेत असं वाटत होतं.

प्रयागबाईनं त्यांना पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. बाई शेजारच्या ओळीतून तिच्याबरोबर चालू लागल्या.

"प्रयागबाई, माह्यं चुकलं." वर्गातली भाषा बांधावरच राहून गेली होती. "तुमी लिहिलं तसंच छापू."

"कायले बाई? तुमचं चांगलं हाय. सारे रडले."

"मंग तुमी काहून उठून गेल्या?"

प्रयागबाई ओळीच्या टोकापर्यंत हात फिरवत गेली. टोकाला पोचल्यावर तिनं हात पदराला पुसले. मग तिनं सांगितलं. तिची पोरगी, राखी, तीन वर्षांपूर्वी आपल्या मनानं लग्न करून पुण्याला गेली. दारातून निघताना प्रयागबाई तिला नको ते बोलली. 'तू मले मेली' म्हणाली. तेव्हापासून दोघींचं बोलणं नाही. पुण्याचा पत्ता राखीच्या ओळखीच्या उज्ज्वलाकडून मिळाला होता, नंबरही होता.

"फोन लावतो बाई. तिकून हॅलो म्हनते अन् माह्यं तोंडच फुटत नाई. ठेवून देतो. मंग वाटलं, पुस्तकात येऊन राह्यलं तं लिहावं. पुस्तक तिले धाडावं. वाचन तं समजन तिले, का माय बोलून राह्यली." तिनं बाईंकडं पाहिलं. "तुमचं वाचन तं म्हनन, कोन्या मास्तरनीनं लिहून देलं."

विजयमालाबाईंना तोंड लपवावंसं वाटलं. पण कांद्याच्या शेतात छातीएवढ्या फुलांमध्ये तोंड कुठं लपवणार? "आणखीन एकडाव लिहा ना," त्या म्हणाल्या. "तसंच."

"आता नाई येत. पाह्यलं म्या काल बसून. आलं तवा आलं बाई ते. आता काय हात धरून आनू त्याले?" आणि ती पुढच्या ओळीत शिरली.

बाई घरी आल्या त्या धावतच. खराब कागदांचा गठ्ठा उपसला. सदराचे खर्डे निघाले, शिशिर निघाला, पळसावरचे अकरा कागद निघाले. प्रयागबाईचं पान नव्हतं. मग त्यांचं लक्ष पत्र्याच्या डब्याकडं गेलं. ओसरीभर पुड्या उलगडून झाल्या. चवळी सांडली, भोपळा सांडला. रंगराव बाजारातून आले तर घरात पाय ठेवायला जागा नाही.

"आवं, हे काय करून राह्यली?"

"रेघा मारेल कागद होता. घड्या घालेल. कुठी गेला?"

रंगरावांनी डोक्यावरचा रुमाल काढला, विचार केला. बी कुठलं कुठं गेलं, हे ते कधीच विसरत नसत. "तो व्हय! चांगला जाड होता. त्यात दोडका बांधला. बेबीअक्कानं नेला ना रथसप्तमीले."

बेबीअक्का म्हणजे रंगरावांची थोरली बहीण, आसेगावला दिलेली. हळदीकुंकवाला आली आणि दोडक्याचं बी घेऊन गेली. त्याला आठवडा होऊन गेला होता. म्हणजे बी एव्हाना जमिनीत आणि कागद चुलीत. इतक्यात हरीओमचा फोन आला. "बाई, पानं लावून राह्यलो. परवा मशिनवर घेतो. काही बदल नाही ना?"

"आहे," बाई म्हणाल्या. "एक पान थांबवा."

"कवापर्यंत?"

"उद्या संध्याकाळपर्यंत."

दुसऱ्या दिवशी बाई वाशीमला बस बदलून आसेगावला निघाल्या. एरवी त्या बसच्या खिडकीत बसल्या की एका लेखाचं सामान गोळा व्हायचं. हरभरा घाट्यावर आलेला, गहू हिरवा सोडून पिवळा व्हायला निघालेला, मध्येच एखाद्या पळसाला जाग आलेली. आजही सगळं खिडकीतून गेलं. पण आज त्यातलं काहीच शब्द मागत नव्हतं. गहू गहूच होता, ऊन ऊनच होतं, आणि बाईंना कित्येक वर्षांनी ते नुसतं दिसत होतं. त्यांचा मध्येच डोळा लागला, आणि अर्धवट झोपेत त्यांना वाटलं, आपण एका लहान पोरीला शोधायला निघालोय.

बेबीअक्का अंगणात दोडक्याच्या आळ्यांना पाणी घालत होती. बी रुजलं होतं, दोन-दोन पानं वर आली होती. पुडी केव्हाच रिकामी झाली, हे विजयमालाबाईंनी ओळखलं.

"अक्का, पुडीचा कागद?"

"ये, बैस तं आधी. पानी घे." बेबीअक्का आत गेली आणि देवाच्या फोटोमागून घडी घातलेला कागद काढून आणला. कोपऱ्यावर रंगरावांच्या अक्षरात 'दोडका' लिहिलं होतं. "फेकाले निंगालो होतो. मंग म्हटलं वाचून पाहू. तवापासून रोज वाचतो बापा." ती बाईंच्या शेजारी टेकली आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "विजे, एक सांगू? राग नको मानू. तुह्ये लेख मी इतक्या वर्साचे वाचून राह्यलो. मले काही समजत नव्हतं. चांगलंच असन म्हनो. पन हे तुह्यं वाचलं अन् मी रडलो. आता खरी लिहाले लागली तू."

विजयमालाबाईंनी कागद हातात घेतला. क्षणभर, अगदी क्षणभरच, त्या काही बोलल्या नाहीत. बावीस वर्षांत इतकं मोठं कौतुक त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. बेबीअक्काला कोण सांगायला येणार होतं? तो क्षण त्यांना पुढं कितीदा तरी आठवला, आणि दर वेळी कानाच्या पाळ्या तापल्या.

"माह्यं नाई अक्का हे," त्या म्हणाल्या. "प्रयागबाईचं हाय."

मग त्यांनी ते पान पहिल्यांदा वाचलं. दोडक्याच्या आळ्यांजवळ बसून, एकेक शब्द.

'राखी पाच वर्साची होती. कांदा फुलावर होता. मी फुलावर हात फिरवून राह्यली होती. पोरगी फुलात गेली अन् दिसे ना. फुलं तिच्या डोक्याच्या वर होते. मी हाक मारली नाई. फुलं कुठी हालते ते पाह्यलं. जिथी हालते तिथी ते हाय. असं बराच वखत पाह्यलं. मंग फुलं हालाचे थांबले. मले भेव वाटलं. जाऊन पाह्यलं तं झोपली होती. अंगावर सारी फुलाची भुकटी. मी उठोलं नाई तिले. बाजूनं बसून राह्यली. काम बुडालं. मालकीन बोलली. पन मी बसली. आता ते लांब हाय. मी रोज कांद्यात जातो. फुलं कुठीच हालत नाई. तरी पाहतो.'

एवढंच होतं. बाईंनी ते पान बसमध्ये मांडीवर धरून आणलं, वाशीमला उतरून थेट हरीओमकडं नेलं आणि समोर उभं राहून टाइप करून घेतलं. हरीओम दोन-तीनदा थांबला. "बाई, हे 'पाह्यलं', 'उठोलं' असंच ठेवू?"

"असंच."

"लोक म्हणतील, बाईंच्या पुस्तकात चुका."

"म्हणू दे," बाई म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांना फार मोकळं वाटलं.

पुस्तक होळीच्या चार दिवस आधी आलं. पातळसं, गुलाबी कव्हराचं. एक प्रत पुण्याला गेली. उज्ज्वलानं पत्ता लिहिला, पण पाकिटात पुस्तक घातलं ते प्रयागबाईनं स्वतः, आणि नऊशे नव्व्याण्णव वेळा विचारलं की पोचेल ना.

मग काही झालं नाही. होळी झाली, रंगपंचमी झाली. पळस पेटला आणि विझत आला. कांद्याच्या फुलांखाली हिरव्या बोंडांनी बी धरलं. प्रयागबाई शनिवारी येऊन दाराजवळ बसायची, कुणी काही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. वर्गात आता बाई फारसं बोलत नसत. एकीनं सासूच्या दम्याबद्दल लिहिलं, दुसरीनं पहिल्यांदा मोबाइल हातात आला त्याबद्दल, आणि सोनेरी किरणे हळूहळू मावळली. सदर मात्र दोन पंधरवडे गेलं नाही. संपादकांनी फोन केला तर बाई म्हणाल्या, मी बघून राह्यली आहे, दिसलं की लिहीन.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात वाचनालयाच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. विजयमालाबाईंच्या नावानं, पुण्याहून. आत रेघांचं एकच पान आणि एक चिठ्ठी: 'बाई, हे तुमच्या वर्गासाठी. मायले वाचून दाखवा. फोनवर मलेही बोलता येत नाही. राखी.'

बाई तशाच बबनरावांच्या शेतात गेल्या. फुलं बहुतेक सरली होती. फक्त विहिरीकडच्या उशिरा लावलेल्या दहा-बारा ओळी अजून पांढऱ्या होत्या आणि प्रयागबाई तिथं एकटीच हात फिरवत होती. बाई शेजारच्या ओळीत शिरल्या.

"राखीचं आलं," त्या म्हणाल्या. "वाचू?"

प्रयागबाईचे हात फुलांवर तसेच राहिले. तिनं मान हलवली.

बाईंनी वाचलं. आवाज जड केला नाही, थांबल्याही नाहीत. जसं लिहिलं होतं तसं.

'माय, त्या दिवशी मी झोपली नव्हती. मले मालूम होतं तू पाहून राह्यली. म्हणून मी हालनं बंद केलं. तू येतं का नाई ते पाहाचं होतं. तू आली. बाजूनं बसली. मी डोये मिटून होती पन मले तुह्या हाताचा वास येत होता. मी मुद्दाम उठली नाई, तू जाशील म्हणून. आताही मी हालून नाई राह्यली माय.'

खाली नाव नव्हतं. बाईंनी पान उलटून पाहिलं. मागं कोरं होतं.

विहिरीवरच्या कडुलिंबाची पानं गळत होती, त्यातली चार-दोन वाऱ्यानं प्रयागबाईच्या डोक्यावर आली. मग तिनं उरलेली ओळ हात फिरवत संपवली, एकही गेंद न सोडता. बाई तिच्यामागून चालत राहिल्या. टोकाला आल्यावर प्रयागबाईनं हात पदराला पुसायला नेले आणि मध्येच थांबवले. तिनं तळहात नाकाशी नेले, वास घेतला, आणि पुसले नाहीत.

"बाई," ती म्हणाली, "वाशीमवरून पुन्याले गाडी कवा असते?"

"संध्याकाळी."

"मंग आजची भेटन," प्रयागबाई म्हणाली, आणि बांधावरची चप्पल घालून घराकडं निघाली.